शनिवारचं पान

१

मंगळवारी रात्री दीड वाजता, म्हणजे तारखेनं बुधवारी, मिनाज संगणक उघडून बसली आणि तिला दिसलं, की मीटिंग नाहीच.

दोन वर्षं दर महिन्याला त्याच वेळी होणारी ती मीटिंग कुणीतरी आठ तास अलीकडं, मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, नेऊन ठेवली होती. कुणाला न कळवता. लंडनचा माणूस तेवढा कॅलेंडर बघून आला, वीस मिनिटं एकटाच बसला आणि गेला. तेव्हा ऑकलंडला रात्रीचा एक वाजला होता आणि व्हँकुव्हरला पहाटेचे चार, त्यामुळं दुसरं कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. आता नेहमीच्या वेळेला ऑकलंडच्या बाई आणि व्हँकुव्हरचे साहेब हजर झाले, तर मीटिंगची खोलीच जागेवर नव्हती. मिनाजनं धावपळ करून नवी खोली उघडली, तोवर लंडनवाला बायकोला घेऊन बाहेर जेवायला गेलेला. त्या दिवशी एका कराराला तिघांचा होकार लागणार होता. तो करार हातचा गेला.

बुधवारी दुपारी मिनाजला घरी बसवलं. शनिवारी सकाळी साजिद माझ्या दारात उभा राहिला.

मी गुरुसिद्धप्पा. एस.टी.त एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, लोकांच्या भाषेत कंट्रोलर. गाड्यांच्या वेळा लावायच्या आणि वेळ चुकली की जाब घ्यायचा, एवढंच आयुष्यभर केलं. साजिदचे वडील आयुब माझ्या हाताखाली ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून गावात कुणाचं काही हरवलं, कुणाचा शब्द खोटा पडला, की लोक माझ्याकडं येतात. का येतात देव जाणे. मला सकाळी चारला जाग येते आणि दिवसभर गुडघे दुखतात, यापलीकडं माझ्याकडं काही विशेष उरलेलं नाही.

साजिदचा धंदा समजायला मला सहा महिने लागले होते. खताच्या दुकानावरच्या मजल्यावर सहा संगणक. जगाच्या तीन टोकांना बसलेल्या लोकांच्या मीटिंगा जुळवायच्या, सगळ्यांना जमेल अशी वेळ काढायची, संगणकावर खोली उघडून द्यायची, बोलणं टिपून ठेवायचं. आता ऑकलंड, लंडन आणि व्हँकुव्हर, तिघंही जागे असतील अशी वेळ काढली, की ती आमच्या लोहाऱ्यात नेमकी मध्यरात्री पडते. ऑकलंडचे सकाळचे नऊ, लंडनचे रात्रीचे आठ, व्हँकुव्हरचे दुपारचे बारा, आणि आमचा रात्रीचा दीड. हिशोब असा बसवलेला, की जगात झोपमोड फक्त आमची.

"अप्पा, ऑकलंडच्या बाईंनी जबाबदार माणसाचं नाव मागितलंय," साजिद म्हणाला. "त्यांच्या सोमवारी सकाळी नऊपर्यंत. म्हणजे उद्या रात्री दीडपर्यंत. न्हाय दिलं तर काम बंद. चौदा माणसं घरी बसतील."

मग नाव तर आहेच की, मी म्हणालो, मिनाजला घरी बसवलंस ते कशाला.

"पुरावा तिच्याकडंच जातोय. पण मन मानत न्हाय. हे नाव एकदा पाठवलं, की तिला ही कंपनी तर न्हायच, दुसरी कुणी पण काम देणार न्हाय. तिचं सगळं घर तिच्यावर हाय." त्यानं खिशातून एक कागद काढला. "एकदा बघा. तुम्ही व्हय म्हणालात तर पाठवतो."

२

पुरावा असा. संगणकाच्या नोंदीत दिसत होतं, की मीटिंगची वेळ शनिवारी पहाटे दोन वाजून बावन्न मिनिटांनी बदलली. गेल्या आठवड्यातला शनिवार. चार नंबरच्या संगणकावरून. पासवर्ड सगळ्यांचा एकच आणि तोही भिंतीवर चिकटवलेला, त्यामुळं हात कुणाचा ते संगणक सांगत नाही. रात्री इन्व्हर्टर एकच संगणक ओढतो, तो चार नंबरचा. रात्री ज्याची पाळी तो एकटाच वर असतो. जिना एकच, शटरची किल्ली एकच आणि ती खाली बसलेल्या लिंबाजी वॉचमनकडं. तेव्हा त्या वेळी वर कोण होतं हे लिंबाजीच्या रजिस्टरातून कळलं, की झालं. पाळ्यांचा फळा होता, पण आपापसात अदलाबदली चालायची आणि सोमवारी फळा पुसला जायचा.

साजिदनं दिलेला कागद म्हणजे रजिस्टरची छापील प्रत. झुबेरनं, म्हणजे त्यांच्या संगणकवाल्या पोरानं, बाईंना पाठवायला म्हणून टाइप केलेली. शनिवारखाली वेळेच्या क्रमानं लिहिलं होतं: १.५० लाईट गेली. २.२० लाईट आली. २.३० मिनाज आत. ५.४५ मिनाज बाहेर. ६.०० ड्यूटी सोडली. मग खाली रात्री ८.०० ड्यूटी घेतली, ९.४० झुबेर बाहेर.

दोन बावन्नला वर फक्त मिनाज. वाद घालायला जागाच नव्हती.

तरी पहिली शंका घेतलीच. म्हटलं, नोंदीतली वेळ तिकडची असेल, तुम्ही इकडची समजून बसला असाल. साजिदनं माझ्यासमोर चार नंबरवर एक खोटी मीटिंग हलवून दाखवली. नोंदीत भिंतीवरच्या आपल्याकडच्या घड्याळाचीच वेळ उमटली. म्हणजे हा रस्ता बंद झाला.

मिनाजचं घर ऑफिसामागच्या गल्लीत आहे. तिची आई हसीनाबी दारातच बसली होती. मिनाज झोपली होती, तिला उठवली. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, पण डोळ्यांखाली माझ्या वयाचं काळं. मी तिला विचारलं, शनिवारी पहाटे अडीचला तू आत गेलीस का.

"अप्पा, गेले असंन. रजिस्टरला हाय म्हणजे गेलेच असंन. पण शनिवार का रविवार ते मला सांगता येत न्हाय. झोपून उठले की सकाळ हाय का संध्याकाळ तेच कळत न्हाय, वार तर लांबच राहिला."

काय काम होतं तेवढं आठव, मी म्हणालो. ते मात्र तिला आठवलं. ऑकलंडच्या एका चर्चची प्रार्थना होती, तीन वाजता खोली उघडून द्यायची होती. आजारी, घरी पडलेल्या म्हाताऱ्या बायका त्यात बसून गाणी म्हणतात. तिला ते काम आवडतं, कारण त्यात काही टिपून घ्यावं लागत नाही. मीटिंगच्या कॅलेंडरला तिनं हातही लावला नव्हता, असं तिनं एकदाच सांगितलं आणि परत सांगितलं नाही.

मी उठलो तेव्हा हसीनाबीनं मला थांबवलं. तिनं गयावया केली नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, मेरी बच्ची झूठ नै बोलती. लेकिन थकी हुई है. कल को थक के हाँ बोल देगी, तो तुम सच मत मानो."

३

त्याच दुपारी मी ऑफिसात बाकीच्या दोघांना भेटलो. रात्रीच्या पाळ्या करणारे तिघंच, मिनाज, उमादेवी आणि अडीनडीला झुबेर.

झुबेर तापलेला होता. त्याला पुण्याला जायचं आहे, साजिद सोडत नाही, हे गावाला माहीत. चार नंबरचा संगणक खोलून बसायची त्याची सवयही सगळ्यांना माहीत. घरून त्या संगणकात शिरता येतं का, असं मी विचारल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं पुढचा प्रश्न घेतला. येत नाही म्हणाला, साजिदनंच बंद करून ठेवलंय. शनिवारी तो रात्री पावणेदहाला गेला आणि घरी जाऊन झोपला.

"मला काय फायदा, अप्पा? काम बंद पडलं तर माझा अनुभवाचा कागद पण गेला," तो म्हणाला, आणि ते बरोबर होतं.

उमादेवी पंचेचाळिशीची. नवरा शंभुलिंग ढोकीकडं साखर कारखान्यात. गळीत चालू असलं की तो तिकडंच असतो. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं बोलताना मधेच कानडी हेल येतो. तिनं मला चहा दिला, गुडघ्याची चौकशी केली, तेल कुठलं लावता ते विचारलं. दोन वर्षं ती मंगळवारची मीटिंग तीच सांभाळत होती. या महिन्यापासून साजिदनं ती मिनाजकडं दिली, कारण उमादेवीला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

मिनाजबद्दल ती आपणहून बोलली. मागच्या महिन्यात पोरगी जिन्यात चक्कर येऊन पडली होती. आठवड्याला पाच रात्री म्हणजे काय, माणूस आहे का कोण. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, निदान एक जण तरी हिच्या बाजूचं आहे.

"त्या आठवड्यात तुझी रात्र कधी होती?" मी विचारलं.

"शुक्रवारची होती, अप्पा. रजिस्टरला हाय बघा."

कागदावर होतंच. शुक्रवारखाली: १२.२० उमादेवी आत, ४.०५ उमादेवी बाहेर. दोन बावन्नची नोंद शनिवारची, ही शुक्रवारची, मधे पूर्ण एक दिवस. तिचं नाव मी मनातल्या मनात खोडलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा हाती काहीच नव्हतं. साजिदला व्हय म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं, असं खरोखर वाटत होतं. दमलेल्या माणसाला सगळ्यात सोपं उत्तर खरं वाटायला लागतं, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

४

रविवारी नेहमीप्रमाणं चारला जाग आली. माझी बायको महादेवी शेजारी गाढ झोपलेली. अंधारात पडून मी गुडघ्याला तेल चोळत होतो आणि आठवलं, की बरोब्बर एका आठवड्यामागंही मी असाच पडलो होतो. जळकोटला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, संध्याकाळी घरी परतलो. रात्री दोनच्या सुमाराला लाईट गेली आणि गरम पाण्याची पिशवी भरून द्यायला महादेवीला मेणबत्ती लावून उठावं लागलं. अर्ध्या तासानं लाईट आली तेव्हा ती म्हणाली होती, दहा मिनिटं आधी आली असती तर माझा हात भाजला नसता.

मी उठून बसलो. जळकोटचं लग्न शनिवारी होतं. म्हणजे लाईट गेली ती शनिवारची रात्र उलटून, तारखेनं रविवारी. आणि साजिदच्या कागदावर लाईट गेली होती शनिवारी पहाटे, लग्नाच्या आधी.

महादेवीला उठवलं. तिनं हाताचा डाग दाखवला आणि लग्नाच्या रात्रीचाच म्हणून ठणकावून सांगितलं, वर झोपमोडीबद्दल दोन शब्द ऐकवले. तिला विचारलं, आदल्या रात्री लाईट गेली होती का. नाही म्हणाली, आदल्या रात्री ती लग्नाच्या आहेराचं शिवत एकपर्यंत जागी होती आणि नंतरही तिला झोप लागली नव्हती.

आमचं घर आणि साजिदचं ऑफिस एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. लाईट एकदाच गेली असेल, तर मग कागदच एक दिवसानं चुकत होता. आणि मग मला मिनाजच्या म्हाताऱ्या बायका आठवल्या. चर्चची प्रार्थना रविवारी असते. आमच्याकडं पहाटे तीन म्हणजे ऑकलंडला सकाळचे साडेदहा, वार तोच. मिनाज ज्या रात्री वर होती, तेव्हा ऑकलंडला रविवार होता. म्हणजे लोहाऱ्यातही रविवारच होता.

तोंड धुऊन मी सरळ ऑफिसकडं निघालो. मला छापील कागद नको होता, लिंबाजीच्या हातचं रजिस्टर हवं होतं.

५

लिंबाजीची ड्यूटी सुटायला दहा मिनिटं होती. तो खुर्चीत मफलर गुंडाळून बसला होता. मला बघून उभा राहिला आणि हात कपाळाला नेला. बावीस वर्षं तो माझ्या स्टँडवर कंडक्टर होता, त्यातली बरीचशी मुक्कामी गाडीवर. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी सुटून खेड्यात रात्रभर थांबणारी आणि सकाळी परत येणारी गाडी.

रजिस्टर उघडलं. शनिवारचं पान. सगळ्यात वर: रात्री ८.०० ड्यूटी घेतली. मग ९.४० झुबेर बाहेर. त्याखाली १.५० लाईट गेली. २.२० आली. २.३० मिनाज आत. ५.४५ बाहेर. सगळ्यात खाली: ६.०० ड्यूटी सोडली.

पान रात्री आठला सुरू होत होतं आणि सकाळी सहाला संपत होतं. झुबेरनं टाइप करताना वेळा लहानमोठ्या क्रमानं लावल्या आणि हा क्रमच पुसून टाकला. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, सॉर्ट केलं, नीट दिसावं म्हणून.

"लिंबाजी, हे अडीच वाजता मिनाज आत आली, तेव्हा वार कुठला होता?"

"शनिवारचा, साहेब. शनिवारची ड्यूटी."

"बारा वाजून गेले होते की रे."

"बारा वाजले म्हून काय गाडी बदलती व्हय?" त्याला माझाच राग आला. "ड्यूटी ज्या तारखेला उघडली, त्याच तारखेत बंद करायची. तुम्हीच तर मेमो दिलता मला. मुक्कामाहून सकाळी आलेल्या फेरीवर म्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली म्हून. ध्यानात हाय का न्हाय?"

होतं. ध्यानात होतं. मुक्कामी गाडी सोमवारी संध्याकाळी गेली आणि मंगळवारी सकाळी आली, तरी सगळा हिशोब सोमवारच्याच कागदावर राहतो. नाहीतर एका कंडक्टरची ड्यूटी दोन दिवसांत फाटते आणि कशाचाच मेळ लागत नाही. ते मीच त्याला शिकवलं होतं, सगळ्यांसमोर, आवाज चढवून. त्यानं ते इतकं पक्कं धरलं, की नोकरी संपली, गणवेश गेला, तरी सोडलं नाही. आणि त्यापायी एक पोरगी चार दिवस चोर ठरून घरी बसली होती.

मी खुर्ची ओढून बसलो. मिनाज सुटली होती. पण मीटिंग शनिवारी पहाटे दोन बावन्नला हलली होती हे खरंच होतं, आणि लिंबाजीच्या हिशोबानं शनिवारची पहाट शुक्रवारच्या पानावर सापडणार होती.

पान उलटायला मला नको वाटत होतं. तिथं काय आहे ते मला आदल्या दिवसापासून पाठ होतं.

६

उमादेवी घरी एकटीच होती. रविवार असल्यामुळं न्हाऊन, केस मोकळे सोडून अंगणात बसली होती. मी रजिस्टर तिच्यापुढं उघडं ठेवलं आणि लिंबाजीची मुक्कामी गाडी तिला समजावून सांगितली. शुक्रवारच्या पानावर बारा वाजून वीसला तू आत, चार वाजून पाचला बाहेर. मधे दोन बावन्न. ती खाली मान घालून ऐकत होती. मधे एकदाही तिनं नाही म्हटलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही कालच वळखलंत," ती म्हणाली.

का केलंस, एवढंच मी विचारलं.

"अप्पा, आमच्या ह्यांच्या कारखान्यात पाळी फिरती असती. एक आठवडा रातपाळी आली, की पुढच्या आठवड्याला दिवसपाळी. कुणीच कायमचं रातीला नसतं. दोन वर्षं म्या बघितलं, हितं पाळी फिरतच न्हाय. म्या साजिदकडनं बाईंना तीन वेळा लिहून घेतलं, की एक महिना तुम्ही जागा, एक महिना ते जागतील, एक महिना आमी. जवाब आला न्हाय. न्हाय सुद्धा म्हणाले न्हायत."

मग जानेवारीत मीटिंग मिनाजकडं गेली. पोरगी जिन्यात पडलेली उमादेवीनं बघितली होती, तिला उचललं होतं. त्या रात्री वर एकटी बसली असताना तिनं तीन शहरांची घड्याळं समोर मांडली आणि आपल्या हातानं पाळी फिरवली. लोहाऱ्याला संध्याकाळ, लंडनला दुपार, बाकी दोघांना रात्र. एकाच महिन्यासाठी. मिनाजला एक रात्र झोप मिळावी म्हणून.

कळवलं का नाहीस, मी विचारलं.

"कळवलं असतं तर परत रातीचीच केली असती की. म्हटलं, कॅलेंडरात मिनाजला पण दिसंल, त्यांना पण. एवढी मोठी माणसं, बघून येतील. लंडनवाला आला की. करार हाय हे मला ठाऊक नव्हतं."

इथपर्यंत मला तिचा राग येत नव्हता. खरं सांगायचं तर तिनं केलं ते मला मनातून पटलंही होतं. पण बुधवारी मिनाजला घरी पाठवलं तेव्हा ती त्याच खोलीत होती. चार दिवस ती गप्प होती आणि काल माझ्यासमोर तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आणून बसली होती. ते मी तिला तसंच्या तसं म्हणालो.

तिनं केस बांधले, सोडले, परत बांधले.

"रजिस्टरला तिचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, म्याच येडी झाले. वाटलं, म्या केलंच न्हाय, तिनंच केलं असंल. एक दिवस तर मला खरंच तसं वाटलं, अप्पा. अन् मग भ्याले. पोराची फी हाय, ह्यांचं काम हंगामाचं. भ्याले, दुसरं काय सांगू."

तिनं माझ्याकडं काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर सोपं झालं असतं. मी म्हणालो, साजिदला माझ्या तोंडून कळण्यापेक्षा तू जाऊन सांग. ती उठली, आत जाऊन पातळ बदलून आली आणि माझ्याबरोबर निघाली. वाटेत एकदा तिनं मला सावकाश चला म्हटलं, कारण माझा गुडघा आखडला होता.

७

साजिदनं सगळं ऐकून घेतलं. उमादेवी बोलत होती तोवर तो तिच्याकडं न बघता भिंतीवरच्या चार घड्याळांकडं बघत होता. ती घरी गेल्यावर मी त्याला म्हटलं, नुसतं नाव पाठवू नकोस. तिनं तीनदा लिहिलं होतं, हे लिही. फिरत्या पाळीचं लिही. ऑकलंडच्या बाईंनाही कधीतरी कळू दे, की त्यांच्या सकाळच्या कॉफीच्या वेळेला इथं कोण कसं बसलेलं असतं.

"अप्पा, त्यांनी कारण विचारलेलं न्हाय," साजिद म्हणाला. "नाव विचारलंय."

तो वाईट माणूस नाही. त्यानं तरीही दोन ओळी घातल्या, माझ्यासमोर घातल्या, आणि मग वाचून त्यातली एक खोडली. चौदा घरं एका बाजूला होती. मी त्याच्या जागी असतो तर दुसरी ओळही खोडली असती का, हे मला सांगता येणार नाही. नोकरीत मी अशी पुष्कळ पत्रं लिहिली आहेत आणि त्यांत कारणाचा रकाना नेहमी लहान असायचा.

मग तो म्हणाला, मिनाजला सांगा, आजपासून ये. तिच्यावरचा ठपका पुसला म्हणून बाईंना लेखी कळवतो. रात्री दीडला बाई स्वतः येणार आहेत, राहिलेली मीटिंग घेणार आहेत, तेव्हा रात्री एक वाजताच हजर राहायला सांगा. आणि उमाकाकूंच्या रात्री आता दुसरं माणूस मिळेपर्यंत तिनंच कराव्यात, झुबेरचा भरवसा नाही.

मी मिनाजच्या घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. हसीनाबीनं ओठांवर बोट ठेवलं. "सोई है. चार दिन से खाना खाती, सोती. बचपन में भी इतना नै सोई थी." मी तिला हळू आवाजात सांगितलं, की पोरगी सुटली, काम परत मिळालं. तिनं पदर डोळ्यांना लावला, माझे हात हातात घेतले. मग तिनं विचारलं, कधी यायचंय. मी सांगितलं, आज रात्री एक वाजता. तिनं माझे हात सोडले.

आमच्या आवाजानं मिनाज जागी झाली. अंथरुणावरच बसून तिनं ऐकलं. रजिस्टर, लिंबाजी, लाईट, प्रार्थना, सगळं. ती हसेल, रडेल, साजिदला चार शब्द सुनावेल, असं मला वाटत होतं. सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. उमादेवीचं नाव ऐकून तिनं फक्त डोळे मिटले.

"माझ्यासाठी केलं त्यांनी?"

व्हय, मी म्हणालो.

"मग त्यांच्या रात्री आता कुणाकडं?"

"तुझ्याकडं."

तिनं मान हलवली. उशीखालून मोबाईल काढला, बारा चाळीसचा गजर लावला, तो लागलाय का ते दोनदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून परत आडवी झाली. पांघरूण हसीनाबीनं नीट केलं. मी उठलो आणि चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत अनवाणीच चालत गेलो.